कोंबड्याची परीक्षा : वीर्यतपासणी आणि अंड्यांची फलनक्षमता

उबवणी यंत्रात मांडलेली अंडी सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरून पाहण्याचा प्रघात आता बहुतेक कुक्कुटपालकांच्या अंगवळणी पडला आहे. ज्या अंड्यात गर्भ वाढत असतो त्यात कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरलेल्या तांबड्या शिरा व त्यांच्या मध्यभागी एक काळसर ठिपका दिसतो. ज्यात काहीच घडलेले नसते ते अंडे आरपार स्वच्छ दिसते. शंभर अंड्यांत दहा-बारा अशी निघाली तर कोणी फारसे मनावर घेत नाही. परंतु एखाद्या खेपेस तीस-चाळीस अंडी स्वच्छ निघतात आणि मग दोषाचा शोध सुरू होतो. यंत्राची उष्णता कमी पडली असेल, अंडी शिळी झाली असतील, खाद्य बिघडले असेल, अशा नाना शंका काढल्या जातात. शेवटी दोन-चार कोंबड्यांवर वांझपणाचा शिक्का मारून त्यांना बाजार दाखविला जातो. त्याच खुराड्यात तुरा ताठ करून हिंडणाऱ्या कोंबड्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. हलक्या जातीच्या दहा-बारा व जड जातीच्या आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. दहा कोंबड्यांच्या कळपात एक कोंबडी निकामी निघाली तर नुकसान दहाव्या हिश्शाचे होते. कोंबडा निकामी निघाला तर सारा कळपच वाया जातो. समजा, अशा कळपातून आठवड्याला पन्नास अंडी उबवणीसाठी मिळतात. कोंबड्यात दोष आहे हे तीन आठवडे कळले नाही, तर दीडशे अंडी, ती उबविण्याचा खर्च आणि गिऱ्हाइकाला कबूल केलेली पिल्ले, एवढे सगळे हातचे जाते. ज्या शेतकऱ्याने कडकनाथासारख्या जातीचा एकच कोंबडा भारी किंमत देऊन आणलेला असतो, त्याला तर हंगामच गमवावा लागतो.

कोंबड्याची पारख त्याच्या रूपावरून करण्याची जुनी चाल आहे. तांबडाभडक तुरा, टपोरे डोळे, खणखणीत बांग आणि कोंबड्यांच्या मागे लागण्याची तडफ ही लक्षणे चांगली खरी. ती नसतील तर तो कोंबडा पैदाशीस घेऊच नये. पण ती असली म्हणजे वीर्यही चांगलेच असेल, असे समजणे चुकीचे होय. संयोगाची इच्छा ही एक गोष्ट आणि वीर्यातील शुक्रजंतूंची संख्या व चैतन्य ही दुसरी गोष्ट. या दोहोंचा मेळ असतोच असे नाही. दिवसातून कितीतरी वेळा कोंबडीवर चढणाऱ्या कोंबड्याचे वीर्य पाण्यासारखे पातळ निघाल्याचे अनेकदा आढळते. उलटपक्षी, वीर्य उत्तम असूनही तळपायाला गळू झाल्यामुळे किंवा अंगाने फार जड झाल्यामुळे कोंबडा चढूच शकत नाही. पहिला कोंबडा रूपावर तरून जातो. दुसऱ्याचा पाय बरा केला असता तर तो कामाचा ठरला असता, पण तो कापला जातो.

दोष उशिरा का उमगतो

कोंबडीच्या शरीराची एक मोठी नवलाची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. अंडनलिकेत कवच तयार करणारी जी पिशवी असते, तिच्या व योनीच्या सांध्यावर अतिसूक्ष्म नळ्या असतात. संयोगानंतर शरीरात गेलेल्या शुक्रजंतूंपैकी शंभरात जेमतेम एखादा या नळ्यांपर्यंत पोहोचतो. परंतु जे पोहोचतात ते तेथे दिवसानुदिवस जिवंत राहतात आणि रोज थोडेथोडे सुटून अंडनलिकेच्या वरच्या, नरसाळ्यासारख्या टोकाकडे जातात. अंडाशयातून बलक सुटला की सुमारे पाव तासाच्या आत तेथे फलन व्हावे लागते. पुढे बलकाभोवती पांढऱ्याचे थर चढतात, कवच बनते आणि बलक सुटल्यापासून साधारणतः २५ तासांनी अंडे बाहेर येते. या साठ्यामुळेच एकदा संयोग झाल्यावर कोंबडी आठ-दहा दिवस भरवशाने, आणि त्यानंतरही दोन-तीन आठवड्यांपर्यंत उतरत्या प्रमाणात, फलित अंडी देत राहते. टर्की या पक्ष्याच्या मादीत तर हा साठा कित्येक आठवडे पुरतो. लाव्ही मात्र त्या मानाने फार लवकर रिकामी होते.

निसर्गाने केलेली ही सोय कुक्कुटपालकाला फसविते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात कडक उन्हाळा पडला आणि कोंबड्याला उष्णतेचा त्रास झाला, असे धरू. कोंबड्याची वृषणे शरीराबाहेर नसून पोटात, पाठीच्या कण्याला लागून, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी असतात. पक्ष्याच्या शरीराची उष्णता मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते व त्या उष्णतेतही शुक्रजंतू व्यवस्थित तयार होतात; पण ती त्याहून वर चढली, धाप लागली, खाणे कमी झाले की नवी पैदास बिघडते. शुक्रजंतू पूर्णपणे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे बिघडलेले वीर्य बाहेर येईपर्यंत मे संपत येतो. कोंबड्यांजवळ आधीचा चांगला साठा असल्यामुळे आणखी आठ-दहा दिवस अंडी फलितच निघतात. त्यापुढची निष्फळ अंडी पाच-सहा दिवस साठवून यंत्रात जातात आणि सातव्या दिवशी दिव्यासमोर येतात. तोवर जूनचा मध्य उजाडलेला असतो, पाऊस सुरू झालेला असतो, हवा निवालेली असते. मालक दमट हवेला बोल लावतो. दोष कोंबड्याचा आहे असे एखाद्याच्या ध्यानात आले, तरी तो त्या दिवशी ज्या कोंबड्याला काढून टाकतो त्याचे वीर्य कदाचित पुन्हा सुधारूही लागलेले असते.

अंडे अशा रीतीने तीन-चार आठवड्यांपूर्वीची साक्ष देते. आज काय स्थिती आहे ते वीर्यच सांगू शकते. या कारणास्तव दोन्ही तपासण्या कराव्या लागतात आणि दोन्हींच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्या लागतात.

स्वच्छ अंडे म्हणजे निष्फळ अंडे नव्हे

दिव्यासमोर स्वच्छ दिसणारे प्रत्येक अंडे निष्फळ असते, हा समज सोडून द्यावयास हवा. फलन होऊन पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच गर्भ मेला असेल तर शिरा उमटलेल्याच नसतात आणि दिव्यासमोर ते अंडेही स्वच्छच दिसते. दोन्हींचा उपाय मात्र अगदी निराळा आहे. निष्फळ अंडे कोंबड्याकडे किंवा संयोगाकडे बोट दाखविते. लवकर मेलेला गर्भ बहुधा अंड्यांच्या साठवणीकडे, उष्णतेकडे, खाद्यातील उणिवेकडे किंवा जवळच्या नात्यातील पैदाशीकडे बोट दाखवितो. म्हणून स्वच्छ निघालेली अंडी फेकून न देता बशीत फोडून पाहावी.

बलकावर एक लहान पांढरा ठिपका असतो. ताज्या निष्फळ अंड्यात तो दोन-तीन मिलिमीटरांचा, घट्ट पांढरा व वेड्यावाकड्या कडांचा असतो. फलित अंड्यात तो मोठा, चार-पाच मिलिमीटरांचा, वाटोळा असून मध्यभागी फिकट व भोवती पांढरे कडे, असा दुहेरी वर्तुळासारखा दिसतो. कारण अंडे घातले जाण्यापूर्वीच त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. यंत्रात ठेवल्यावर गर्भ मेला असेल तर त्या जागी विस्कटलेला, दह्यासारखा पांढरट पट्टा किंवा रक्ताचे कडे सापडते. हा फरक ओळखण्यास डोळा सरावावा लागतो. त्यासाठी न उबविलेली पाच-सहा ताजी अंडी कोंबडा असलेल्या कळपातील व तितकीच कोंबडा नसलेल्या कळपातील घेऊन शेजारीशेजारी फोडून पाहणे, ही स्वस्तातली शाळा होय. फोडलेली अंडी स्वयंपाकघरात कामास येतात, त्यामुळे खर्चही होत नाही.

प्रयोगशाळेत याहून बारीक वाचन करता येते. पक्ष्यांच्या अंड्यात एकच नव्हे तर अनेक शुक्रजंतू शिरतात. त्यांतील एकाचेच केंद्र स्त्रीबीजाच्या केंद्राशी मिळते. शिरताना त्यांनी बलकावरील पातळ पडद्याला पाडलेली छिद्रे, तसेच बाहेरच्या पडद्यात अडकून राहिलेले शुक्रजंतू, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. फलनाच्या वेळी किती शुक्रजंतू तेथपर्यंत पोहोचले होते, याची ती जणू हजेरी असते. अंडी अजून फलित निघत असली तरी ही हजेरी घटू लागली, तर कोंबड्यात बिघाड सुरू झाल्याची सूचना आगाऊ मिळते.

नोंद करताना दोन टक्केवाऱ्यांची गल्लत होऊ देऊ नये. यंत्रात ठेवलेल्या शंभर अंड्यांपैकी फलित किती, ही एक. आणि फलित अंड्यांपैकी पिल्ले किती फुटली, ही दुसरी. शंभरांतून ऐंशी अंडी फलित निघाली व बहात्तर पिल्ले मिळाली, तर फलनाचे प्रमाण ८० टक्के, आणि फलित अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण ९० टक्के होय. येथे यंत्र आपले काम चोख करीत आहे. उणीव खुराड्यात आहे. नुसते 'बहात्तर टक्के' एवढेच लिहून ठेवणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

वीर्य घेण्याची रीत

कोंबड्याचे वीर्य सहज मिळू लागले ते अमेरिकेतील बरोज व क्विन या दोघा संशोधकांनी १९३५ ते १९३७ या काळात पोट व पाठ चोळण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून. तीच रीत थोड्याफार फरकाने आजही जगभर चालते. दोन माणसे असली तर काम सोपे होते. एकाने कोंबडा दोन्ही मांड्या धरून आपल्या अंगाशी घ्यावा. दुसऱ्याने डाव्या हाताने पाठीवरून शेपटीकडे तीन-चार वेळा जोरकस पण मऊ हात फिरवावा व त्याच वेळी उजव्या हाताने पोटाखालचा मऊ भाग हलकेच चोळावा. कोंबडा शेपटी वर उचलतो, गुदद्वाराचा भाग उलटून बाहेर येतो. तेव्हा अंगठा व तर्जनी यांनी त्याच्या दोन्ही अंगांना अलगद दाबले की वीर्य पाझरते आणि ते काचेच्या लहान नरसाळ्यात किंवा पेल्यात झेलतात.

हे लिहिण्यास सोपे असले तरी पहिल्या दिवशी साधत नाही, आणि चुकलेल्या नमुन्यावरून कोंबडा दोषी ठरविणे हा मोठा अन्याय आहे. नव्या कोंबड्याला हाताची सवय होण्यास तीन-चार दिवस तरी द्यावे लागतात. वीर्य घेण्यापूर्वी काही तास त्याचे खाद्य बंद ठेवावे, म्हणजे विष्ठा मिसळत नाही. गुदद्वाराभोवतीची पिसे कातरून घ्यावी. फार जोराने दाबले तर तेथील घड्यांतून एक पारदर्शक पाणी झिरपते. त्याने वीर्य पातळ होते व टिकत नाही. एकच माणूस, एकच वेळ व एकच जागा ठेवली तर कोंबडा बुजत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळांपेक्षा अधिक वीर्य घेऊ नये.

काय पाहावे, कसे मोजावे

पहिली परीक्षा डोळ्यांची. चांगले वीर्य सायीसारखे दाट व शुभ्र असते. ताकाच्या निवळीसारखे पातळ असेल तर शुक्रजंतू विरळ आहेत असे समजावे. पिवळसर-हिरवट छटा विष्ठेची, खडूच्या कणांसारखी पांढरी भुकटी मूत्रातील क्षाराची, आणि तांबूस रेषा रक्ताची निशाणी होय. असे नमुने टाकून द्यावेत. त्यांवरून निकाल काढू नये. एका वेळी मिळणारे वीर्य अल्प असते, बहुधा ०.२ ते ०.५ मिलिलिटर. बैलाच्या मानाने हे थेंबभरच. पण बैलाच्या एक मिलिलिटर वीर्यात साधारणतः १०० कोटी शुक्रजंतू असतात, तर कोंबड्याच्या तेवढ्याच वीर्यात ३०० ते ७०० कोटी असतात.

दुसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. ताज्या वीर्याचा बारीक थेंब कोमट काचपट्टीवर ठेवून कमी शक्तीच्या भिंगातून पाहिला, तर चांगल्या वीर्यात दाट ढग घुसळल्यासारख्या लाटा दिसतात. या लाटांना शून्यापासून पाचांपर्यंत गुण देण्याची पद्धत आहे. नंतर पातळ केलेल्या थेंबात एकेक शुक्रजंतू सरळ पुढे जातो की जागच्या जागी थरथरतो, ते पाहावे. येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. कोंबड्याच्या अंगाइतकी, म्हणजे ४१ अंशांची उष्णता दिली तर शुक्रजंतू अधिक जोमाने धावतील, असे त्याला वाटते. साध्या मिठाच्या द्रवात पातळ केलेले कोंबड्याचे शुक्रजंतू त्या उष्णतेस चक्क थांबतात, आणि ३० अंशांच्या आसपास निवले की पुन्हा चालू लागतात. ही गोष्ट ठाऊक नसलेला तपासनीस उत्तम कोंबड्याच्या नावापुढे 'शुक्रजंतू मृत' असे लिहून मोकळा होईल.

तिसरी परीक्षा मोजदादीची. रक्तातील तांबड्या पेशी मोजण्यासाठी पशुवैद्यकाजवळ जी आखीव काचपट्टी व नळी असते, तीच येथे चालते. वीर्य दोनशे पट पातळ करून पट्टीवर सोडावे आणि मधल्या पंचवीस घरांपैकी चार कोपऱ्यांची व मधले एक अशा पाच घरांतील शुक्रजंतू मोजावे. या प्रमाणात हिशेब फार सोयीचा पडतो : पाच घरांत मिळून जितके शुक्रजंतू, तितके कोटी एक मिलिलिटरमध्ये. चारशे सापडले तर ४०० कोटी. कोंबड्याने ०.३ मिलिलिटर वीर्य दिले असेल तर एकंदर १२० कोटी झाले. कृत्रिम रेतनासाठी दर कोंबडीस १० कोटींच्या सुमारास शुक्रजंतू द्यावे लागतात. तेव्हा त्या एका नमुन्यात बारा कोंबड्यांचे काम भागते. मोठ्या संस्थांतून हेच काम प्रकाशमापक व संगणकाला जोडलेली सूक्ष्मदर्शके क्षणात करतात; पण जिल्ह्याच्या ठिकाणी आखीव पट्टीवर मोजलेला आकडा त्यांच्यापेक्षा कमी विश्वासाचा नसतो, मोजणारा कंटाळला नाही म्हणजे झाले.

जिवंत व मृत ओळखण्यासाठी इओसिन व निग्रोसिन हे दोन रंग एकत्र करून वापरतात. जिवंत शुक्रजंतूचे आवरण इओसिनला आत येऊ देत नाही, म्हणून तो निग्रोसिनच्या काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा राहतो. मेलेला गुलाबी होतो. कोंबड्याचा शुक्रजंतू बैलाच्या शुक्रजंतूसारखा रुंद डोक्याचा नसतो. त्याचे डोके बारीक, लांबट, किंचित वाकलेले, एखाद्या सुतासारखे असते. मान काटकोनात मोडलेली, डोके फुगलेले, शेपटीची गुंडाळी झालेली, असे विकृत शुक्रजंतू त्याच काचपट्टीवर मोजून घ्यावे. शंभरांत पंच्याऐंशी-नव्वद जिवंत व धड असले तर वीर्य चांगले मानतात. वीर्य तासभर तसेच पडू दिले, थंड काचेवर ओतले किंवा त्यात पाणी शिरले तर हे प्रमाण झपाट्याने उतरते. म्हणून तपासणी अर्ध्या तासाच्या आत उरकावी.

कोंबड्याच्या वीर्याच्या या नाजूकपणातूनच पशुपालनातील एक मोठा शोध लागला. १९४९ साली लंडनच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे तिघे संशोधक शुक्रजंतू गोठवून टिकविण्याच्या खटपटीत होते. फळांतील साखरेचा द्रव घालून ते पाहत होते. यश येत नव्हते. काही महिन्यांनी जुन्या बाटलीतील द्रव घालून कोंबड्याचे वीर्य गोठविले, तो काय आश्चर्य, वितळल्यावर शुक्रजंतू हालचाल करू लागले! बाटलीतील द्रव तपासला तेव्हा त्यात साखर नव्हतीच. चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन तेथे ग्लिसरीन व अंड्यातील पांढऱ्याचा अंश असलेले मिश्रण आले होते. आज गावोगाव गाई-म्हशींना ज्या गोठविलेल्या रेतमात्रा दिल्या जातात, त्यांत ग्लिसरीन असते ते या चुकीमुळे. गमतीची गोष्ट अशी की, ज्या कोंबड्याच्या वीर्यावर हा शोध लागला त्याच्या उपयोगी तो तितकासा पडला नाही. कारण कोंबडीच्या शरीरात ग्लिसरीन गेले तर फलनच अडते, आणि ते आधी काढून टाकण्याचा खटाटोप करावा लागतो. म्हणून कुक्कुटपालनात अजूनही बहुतेक काम ताज्या वीर्यावरच चालते.

निकाल आणि उपाय

एकाच नमुन्यावर कोंबड्याचा निकाल लावू नये. आठवड्याच्या अंतराने निदान तीन नमुने पाहावे, आणि संशय राहिलाच तर त्याचे वीर्य पाच-सहा कोंबड्यांना वेगळे देऊन अंड्यांची साक्ष घ्यावी. मोठ्या पैदास केंद्रांत अनेक कोंबड्यांचे वीर्य एकत्र करून देतात; त्यात चांगल्यांच्या आड वाईट झाकले जातात, म्हणून परीक्षेच्या वेळी एकत्रीकरण टाळावे. या कोंबड्यांना आधीच्या कोंबड्यापासून तीन आठवडे दूर ठेवलेले असावे, नाहीतर जुन्या साठ्यातून फलित झालेली अंडी नव्याच्या नावावर जमा होतील. रेतन दुपारी तीननंतर करावे. सकाळी बहुतेक कोंबड्यांच्या पिशवीत कवचाचे अंडे असते व ते शुक्रजंतूंची वाट अडविते. दर कोंबडीस वेगळी स्वच्छ नळी घ्यावी, कारण एकाच नळीने रोगही वाटले जातात. रेतनानंतर दुसऱ्या दिवसापासून फलित अंडी मिळू लागतात, आणि आठवड्याने पुन्हा रेतन करावे लागते.

दोष ठरला तरी लगेच सुरी उचलण्याचे कारण नाही. आधी राहणीकडे पाहावे. सर्वांत मोठे कारण उष्णता : छपरावर गवताचे आच्छादन व पाण्याचे फवारे, दिवसभर गार पाणी आणि पहाटे व सायंकाळी खाद्य, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दुसरे कारण खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते; कोंबड्याला एक टक्काही पुरेसा होतो, आणि जास्तीचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो. कोंबड्याची गव्हाण उंच टांगून निराळी ठेवली तर हे टळते, शिवाय तो फाजील वजनही धरीत नाही. खाद्यात ई जीवनसत्त्व व सेलेनियम कमी पडू देऊ नये. शुक्रजंतूचे आवरण स्निग्ध असते, ते खवट होण्यापासून ही दोन द्रव्ये राखतात. गुदद्वाराभोवती उवा, तळपायाला गळू, नखांची अतिवाढ यांची पाहणी दर पंधरवड्यास करावी.

काही दोष मात्र राहणीने सुटत नाहीत. वायनडॉटसारख्या जातींत जो चपटा, खडबडीत, 'रोझ' म्हणून ओळखला जाणारा तुरा असतो, त्याचा गुण आई व बाप दोघांकडून आलेल्या नरात शुक्रजंतूंचे चैतन्य कमी असते आणि फलनाचे प्रमाण घटते. तुऱ्याच्या देखणेपणासाठी निवड करणाऱ्यांना याचा त्रास पूर्वापार होत आला आहे. एकाच कोंबड्याच्या मुली त्यालाच ठेवून तीन-चार पिढ्या चालविल्यानेही फलन व जगणूक दोन्ही खालावतात. एकुलता कोंबडा असलेल्या लहान शेतकऱ्याकडे हा दोष फार आढळतो. अशा वेळी शेजारच्या गावातील पालकाशी नराची अदलाबदल करावी. वय हेही कारण असते : जड जातीचा नर साधारणतः सहा महिन्यांचा झाल्यावर पुरेसे वीर्य देतो, व वर्षाच्या सुमारास त्याचा उतार सुरू होतो.

रुंद छातीच्या टर्कीची पैदास तर आज कृत्रिम रेतनावाचून होतच नाही, इतका तिचा नर जड झाला आहे. भारतातही पिंजऱ्यांतून ठेवलेल्या अंडी व मांस जातींच्या पैदास कळपांना ही पद्धत सर्रास लागू केली जाते. तेथे वाईट नर बदलून चांगला घेता येतो. परंतु काही पक्षी असे आहेत की, त्यांचा एकेक नर मोलाचा असतो व बदलण्यास दुसरा मिळत नाही. माळढोक हा त्यांतलाच. एकेकाळी महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसणारा आणि ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य करण्यात आले, तो हा पक्षी आता मुख्यतः राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात उरला आहे. तेथे २०१९ पासून रानातील अंडी आणून, कृत्रिम रीतीने उबवून पिंजऱ्यात कळप वाढविण्यात येत आहे. नरास कोंबड्याप्रमाणे धरून चोळणे येथे शक्य नव्हते. धास्तीने पक्षी मरावयाचा. म्हणून एका नराला लहानपणापासून माणसाळवून कृत्रिम मादीवर वीर्य देण्यास शिकविण्यात आले. हा नर रामदेवरा केंद्रावर, तर मादी दूरवरच्या सुदासरी केंद्रावर होती. वीर्य त्या अंतरावरून जपून नेऊन २० सप्टेंबर २०२४ रोजी मादीस देण्यात आले. २४ सप्टेंबर रोजी तिने अंडे घातले, आणि १६ ऑक्टोबर रोजी त्यातून पिल्लू बाहेर आले.